माहेरच्या कळशीची दर्यावर स्वारी

कडबा, पेंढ्या सात. बैल सोबत नाहीत.

एक दात, म्हाताऱ्या माणसाचा, खालच्या रांगेतला.

अडाण नदीच्या उताराजवळ एक दगड आहे, तो कोरडा दिसतो.

गळणे, दुपदरी, वाळल्यावर पापडासारखे कडक.

कोकणातला एक सरकारी माणूस भर दुपारी रडला.

पितळी कळशी, लहान. गळ्याशी नाव कोरलेले: प्रयागबाई.

तुरीची डाळ, सकाळपासून चुलीवर.

या वर सांडलेल्या जिनसा एकाच मोहिमेच्या आहेत. त्या एकत्र कशा आल्या हे ज्यांस ठाऊक ते बोलत नाहीत, आणि ज्यांस ठाऊक नाही ते पारावर बसून रोज नव्याने सांगतात, सबब शके अठराशे सत्तावन, माघ मासी, वऱ्हाड प्रांती, अडाणकाठचे मौजे इंझोरी येथून जी स्वारी दर्याकिनारीच्या सरकारी राखीव रानात एका दिवसाकरिता गेली, तिने बरोबर काय नेले, काय नेऊ दिले गेले नाही, आणि परत येताना काय आणले, याची हकीकत घडली तशी उतरविली आहे. यात लढाया तीन, तह एक, जायबंदी दोन, पैकी एक छागल. मयत कोणी नाही.

प्रथम वैराचे मूळ. इंझोरीस श्रीमंत उकंडराव पाटील, चार बैलजोड्यांचे सरदार, मिशांस तूप लावणारे, यांच्या कुटुंब गोजराबाई. गोजराबाईंचे माहेर पूर्णाकाठच्या खारपाणपट्टीत. त्या मुलखी विहिरीचे पाणी खारट, त्यात डाळ शिजत नाही, म्हणून तिकडील लोक पावसाचे पाणी रांजणांत साठवून डाळीपुरते जपून वापरतात. हे सृष्टीचे कृत्य, त्यात कोणा मनुष्याचा अपराध नाही. मग लग्न होऊन बाई इंझोरीस आल्या आणि पहिल्या सोमवारी नव्या सुनेच्या हातची डाळ पंगतीस वाढली गेली, तो ती शिजलेलीच नाही, आणि सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा दात पडला. दात आधीच हलत होता हे सर्वांस ठाऊक होते, परंतु पडला तो त्या डाळीवर. तेव्हा उकंडरावांच्या थोरल्या भगिनी मनकर्णाबाई, ज्या वैधव्य आल्यावर भावाकडे राहून स्वयंपाकघराचा किल्ला राखीत होत्या, त्यांनी भर पंगतीत फर्मान काढले ते येणेप्रमाणे: "पाण्याचा गुण रक्तात उतरते. खाऱ्या पाण्याची पोरगी हाये, हिच्या हाताले दाळ शिजणार नाई. आजपासून दाळ मीच लावीन."

हे फर्मान बावीस वर्षे अमलात राहिले. गोजराबाईंनी भाकरी थापाव्या, भाजी करावी, दूध तापवावे, परंतु डाळीच्या भांड्यास हात लावू नये. पुरणाचा तर विषयच नाही. गल्लीत लग्न निघाले की बाकीच्या बायांस चुलीवरची कामे आणि गोजराबाईंस वांगी चिरावयास बसवीत. बाईंनी हेही सोसले. परंतु त्या पौषात थोरल्या लेकीस पाहावयास धनजची मंडळी आली, आणि मुलाच्या आईने पोहे खाऊन झाल्यावर पदराने तोंड पुसत विचारले, "पोरीच्या हातची दाळ शिजते ना वं? नाई, ऐकलं व्हतं काई तरी," आणि मंडळी कळवितो म्हणून गेली आणि कळविले नाही. त्या दिवसापासून गोजराबाईंच्या मनात युद्ध सुरू जाहले. पाणी खारे की हात खारा, याचा निवाडा लेकीला दुसरे स्थळ येण्याआधी झालाच पाहिजे, ऐसा निश्चय करून त्या संधी पाहत बसल्या.

संधी कारंज्याहून आली. तेथे पूनमचंद शेठ, किराणा दुकानदार, जैन, धर्माने कडक आणि हसण्यात सैल, यांची उकंडरावांशी जुनी दोस्ती. शेठजींचे धाकटे बंधू मिश्रीलाल हे खोबऱ्याच्या व्यापारास कोकणात एका बंदरी राहत. त्यांचा खलिता आला की, येथे दर्याकाठी सरकारचे राखलेले रान आहे, ज्यात झाडे खाऱ्या पाण्यात उभी राहतात, आणि खेकडे, आणि लांब चोचीचे पक्षी, आणि रानापलीकडे उघडा दर्या. पाहण्याची परवानगीची चिठ्ठी मी काढली आहे, चौघांची. तरी दादा, वहिनी, पाटील आणि पाटलीणबाई यांनी अवश्य यावे. पुढे ताकीद होती. वद्य अष्टमीस सकाळच्या भरतीवर मचवा तुम्हांस रानात सोडील, दुपारी पाणी मागे हटेल, संध्याकाळच्या भरतीवर मचवा परत नेईल, मधे आणावयास कोणी येणार नाही. त्या रानात गोडे पाणी थेंबभर नाही. विस्तव पेटविण्याची सख्त मनाई. आणि मचव्यातून उतरून गुडघाभर पाण्यातून चालावे लागते, सबब प्रत्येकाने आपल्या डोक्यावर मावेल तेवढे एकच ओझे आणावे, दुसरे आणू नये.

हा खलिता दुकानात वाचला गेला तेव्हा गोजराबाई ज्वारीच्या पोत्यांआड उभ्या होत्या. उकंडरावांनी त्यात खेकडे ऐकले, कंचनबाई शेठाणींनी रान ऐकले. गोजराबाईंनी एवढेच ऐकले की तेथे पाणी खारे आहे, आणि पुष्कळ आहे, आणि कोणाच्या माहेरचे नाही. त्याच क्षणी मोहिमेचा बेत ठरला: दर्याचे पाणी एक कळशी इंझोरीस आणावयाचे, आणि त्यात मनकर्णाबाईंच्या गुणी हातांनी डाळ लावावयाची, आणि मग पाहावयाचे.

मग मसलत भरली. उकंडरावांच्या ओसरीवर मनकर्णाबाई खांबास टेकून मुख्य जागी बसल्या. त्या स्वतः जाणार नव्हत्या, म्हैस व्यायला आठ दिवसांवर आली होती. परंतु जो जात नाही तोच सामान उत्तम बांधतो, ऐसे त्यांचे मत. त्यांनी बोटे मोडीत हुकूम सोडले आणि खेमा गाडीवान, जो या घरी वडिलांपासून बैल हाकी, तो ती ती जिन्नस आणून ओसरीवर मांडू लागला. दुधात भिजवलेल्या दशम्या चाळीस. धपाटे. शेंगदाण्याची चटणी. ठेचा. गूळ. ओवा, पोट धरले तर. घोंगडी दोन, एक दिवसाकरिता. कंदील, कारण दिवसाचा काय भरवसा. कुऱ्हाड, रान म्हटले म्हणून. आणि विहिरीचा दोर, पूर्ण लांबीचा. दोर कशास, ऐसे पूनमचंद शेठ, जे मुद्दाम कारंज्याहून आले होते, त्यांनी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले:

"दर्या लय खोल असते म्हंतात. मंग पाणी काय हातानं काढसान, शेठजी?"

शेठजींनी उपरण्याने तोंड झाकले आणि त्यांचे खांदे बराच वेळ हलत राहिले.

मग उकंडरावांनी आपली बाजू मांडली. त्यांनी कडब्याच्या सात पेंढ्या स्वतः बांधून आणल्या. या घराण्यातून कोणीही कोठेही निघो, लग्नास, बाजारास, मयतीस, गाडीत प्रथम कडबा पडतो, मग माणसे बसतात; हा रिवाज इतका मुरलेला की त्यावर कोणी बोलले नाही. त्यानंतर त्यांनी कारंज्याच्या बाजारातून आणलेली नवी छागल, म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी, सर्वांस फिरवून दाखविली, आणि पिण्याचे पाणी यात जाईल आणि ते गार राहील, ऐसे जाहीर केले. सर्वांनी छागलीस हात लावून पाहिले.

तेव्हा गोजराबाई माजघरातून कळशी घेऊन आल्या. लहानशी, आठ-दहा तांबे पाण्याची, आणि गळ्याशी त्यांच्या मातोश्रींचे नाव. त्यांनी ती दशम्यांच्या बाजूस ठेविली आणि मागे सरल्या. मग उकंडरावांचा हुकूम झाला, "अवं, भरल्या सामानात रिकामी कळशी कायले? छागल हाये ना!" आणि त्यावर मनकर्णाबाईंचा झाला, "तथी चहूकडं पाणीच पाणी, अन् ही कळशी घेऊन चालली! काहून, दर्या सांडला तं भरून आणतं का?" आणि खेमाही हसला. गोजराबाई एवढेच म्हणाल्या, "माह्या मायची हाये, अक्का." त्यावर फर्मान: "मंग मायच्या घरी नेजो." कळशी उचलून माजघरात परत गेली. मोहिमेतील ही पहिली शिकस्त.

परंतु गोजराबाई खचल्या नाहीत. निजानीज होण्याआधी त्यांनी उकंडरावांच्या कानी घातले की, गुडघाभर पाण्यातून डोक्यावर ओझे घेऊन चालायचे तर एकदा अडाणीत चालून पाहावे. कोकणातल्या लोकांपुढे पाटील पडले तर इंझोरीचे नाव जाईल. पाटलांस ही गोष्ट पटली, कारण तीत त्यांचे नाव होते. मग दुसरे दिवशी सकाळी लष्कर अडाणकाठी जमा झाले. येथे पहिली लढाई. अडाण माघात गुडघाभरच असते. उकंडरावांनी धोतर खोचले, डोक्यावर दोर, कुऱ्हाड आणि घोंगड्यांचे गाठोडे घेतले, गळ्यात काठोकाठ भरलेली छागल अडकविली, आणि गोजराबाई पुढे राहून वाट दाखवू लागल्या. त्या या घाटावर बावीस वर्षे लुगडी धूत होत्या. पात्रातला प्रत्येक दगड त्यांस नावाने ठाऊक होता. आरंभी वर्णन केलेला तो दगड, जो वरून कोरडा दिसतो आणि ज्यावर खालच्या अंगास शेवाळ असते, त्याच्या बाजूने त्या गेल्या, आणि पाटील, मोठे पाऊल टाकण्याची सवय असल्याने, त्यावरून गेले.

काठावरील लोक सांगतात की प्रथम कुऱ्हाड उडाली, मग घोंगडी, मग पाटील. पाटील छागलीवर पडले. छागलीचे तोंड उसवले आणि शिवण शेवटपर्यंत गेली. पाटलांस कोपर आणि अभिमान या दोन ठिकाणी मार लागला. गोजराबाईंनी त्यांस हात देऊन उठविले आणि धोतर पिळून दिले आणि छागलीचे धडपे उचलून काठावर वाळत घातले. मग घरी आल्यावर पिण्याचे पाणी आता कशात न्यावे असा प्रश्न उभा राहिला, आणि मडके फुटेल, आणि घागर जड, आणि दुसरी छागल आणावयास बाजाराचा दिवस चार दिवसांवर; तेव्हा उकंडरावांनी, कोपरास हळद लावून घेत असता, भिंतीकडे पाहून हुकूम केला, "थे कळशी आण. भरून घेऊ." अशा रीतीने रिकामी म्हणून हाकललेली कळशी भरलेली म्हणून सामानात दाखल जाहली.

मनकर्णाबाईंनी भावाच्या कोपराकडे पाहिले, मग भावजयीकडे पाहिले, आणि प्रथमच त्यांस काही तरी शिजत असल्याचा वास आला. त्यांनी म्हटले, "गोजरे, त्या दगडावरून तू कशी नाई पडली वं?" उत्तर गेले, "मी हलकी हाये ना, अक्का."

आता दुसरी अडचण. भरली कळशी जाईल खरी, परंतु दर्याचे पाणी घ्यावयाचे तर ती संध्याकाळपर्यंत रिकामी झाली पाहिजे. गोडे पाणी ओतून देणे हे गोजराबाईंकडून होणे नव्हते. ज्या मुलखी पावसाचे पाणी वाटीने मोजतात त्या मुलखीची लेक पाणी फेकीत नाही. सबब ते पिऊन संपले पाहिजे, आणि लोकांनी पाणी पिण्यास एक दारूगोळा पुरतो. बाईंनी वाळल्या लवंगी मिरच्या दोन शेर काढल्या, त्या तव्यावर भाजल्या, त्या दिवशी अर्ध्या गल्लीस खोकला लागला, आणि त्यांनी पाट्यावर ठेचा वाटला तो मनकर्णाबाईंनी ठरवून दिल्याच्या तिप्पट.

येथे तह करावा लागला. कंचनबाई शेठाणी सोबत असणार, त्या कांदा-लसूण खात नाहीत, सूर्य मावळल्यावर अन्नपाणी घेत नाहीत, आणि गाळलेले-उकळलेले पाणी आपल्या तांब्यातलेच पितात. त्यांनी कारंज्याहून निरोप पाठविला की ठेच्यात लसूण असेल तर शेठजींच्या समोर उघडू नये, कारण ते मनुष्य आहेत. मग ठरले ते असे: पाटलांकडून ठेचा लसणाविना येईल, आणि शेठांकडून लिंबाचे लोणचे आणि गळण्याचे कापड येईल. गळण्याचे कलम तेव्हा कोणाच्या ध्यानी आले नाही. (पुढील तीन ओळींवर तेल सांडले आहे. वास घेता ते ठेच्याचे असावे.)

मग सुमुहूर्ते कूच झाले. खेमाने जोडी जुंपली, गाडी कारंज्यास आली, आगगाडीच्या ठाण्यावर उकंडरावांनी सवयीप्रमाणे मोजून सर्व नग उतरवून घेतले, आणि खेमा, ज्यास घरी परतून म्हशीकडे बघावयाचे होते, गाडी वळवून निघून गेला. मूर्तिजापुरास गाडी बदलताना पूनमचंद शेठांनी पाटलांच्या डोक्यावरील ओझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले:

"पाटील, बैल कुठं हायेत?"

पाटील थांबले. त्यांनी आगगाडीकडे पाहिले, मग कडब्याकडे पाहिले. मग म्हणाले, "बैल घरी गेले ना, शेठजी."

"मंग हे कोण खाईन?"

यावर पाटलांनी जे उत्तर दिले ते राजाला शोभणारे आहे: "आता आणलं हाये तं राहू द्या." कुऱ्हाड, दोर आणि कंदील त्यांनी ठाण्यावर एका ओळखीच्या हमालाकडे ठेवून दिले, परंतु कडबा सोडला नाही. अशा रीतीने वऱ्हाडचा कडबा, पेंढ्या सात, दोन आगगाड्या आणि एक आगबोट बसून, कोकणात दाखल जाहला.

वद्य अष्टमीस सकाळी मचव्याने चौघांस रानात सोडले आणि एक सरकारी रखवालदार वाट दाखवावयास दिला. झाडांची मुळे चिखलातून वर आलेली, हजारो, बोटभर, जशी तूर कापल्यावर शेतात धसकटे राहतात तशी, आणि त्यांमधून तांबडे खेकडे एकच नांगी वर करून पळत, जणू प्रत्येकास काही तक्रार आहे. रानाच्या कडेला वाळू, आणि वाळूपलीकडे तो. उकंडराव कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून एवढेच निघाले की याच्या मायले, याले बांध नाई. गोजराबाईंनी पदर सावरला, पुढे जाऊन ओंजळ भरली आणि एक घोट तोंडात घेतला. मग थुंकला. मग त्या हसल्या, आणि त्या इतक्या मोठ्याने का हसत आहेत हे कोणास कळेना. माहेरच्या विहिरीचे पाणी, ज्यावरून बावीस वर्षे बोल खाल्ले, ते यापुढे उसाच्या रसासारखे होते.

मग दुपार झाली, पाणी दूर हटले, आणि झाडाखाली फडकी सोडली गेली. येथे दुसरी लढाई. गोजराबाईंनी प्रत्येक दशमीवर ठेचा वाढला तो लिंपल्यासारखा. पाटलांनी पहिल्या घासास मिशा पुसल्या, दुसऱ्यास टोपी काढली, तिसऱ्यास कळशीकडे हात केला, आणि चार तांबे पाणी एका बैठकीत गेले. शेठजी आपल्या तांब्यातले पीत होते, ते मोहिमेत धरू नयेत. मग रखवालदारास बोलाविले. कोकणचा माणूस, मासळीवर वाढलेला, त्याने वाकून नमस्कार केला आणि मोठा घास घेतला आणि तो प्रथम लाल झाला आणि मग त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि तो "मेलो गे बाय, मेलो!" ऐसे म्हणत वाळूवर बसला. गोजराबाईंनी त्यास मातेच्या मायेने तांब्यावर तांब्या दिला. तरी तळाशी दीड तांब्या उरला. दिवस उतरू लागला. उकंडराव म्हणाले, आता पोटात जागा नाही. तेव्हा बाईंनी त्यांस गुळाचा खडा दिला, आणि दहा पावले दूर जाऊन, दर्याकडे पाठ करून, उरलेले सर्व स्वतः उभ्याने प्यायल्या. त्यांस तहान नव्हती.

कळशी रिकामी झाली. त्या ती दर्यात बुडविणार इतक्यात कंचनबाईंनी हात धरला. शेठाणी मऊ बोलत, परंतु या बाबतीत त्यांचा शब्द किल्ल्याच्या दरवाजासारखा होता.

"असं कसं नेता, बाई? छान्याबिगर, गाळल्याबिगर दर्या बी नेता येत नाई. यातले जीव काय इंझोरीत जगतीन?"

मग गळणे निघाले. कंचनबाईंनी ते दुपदरी कापड कळशीच्या तोंडावर धरले आणि गोजराबाईंनी तांब्याने दर्या ओतला, आठ तांबे, सावकाश, आणि कापडावर जे काही दिसणारे-न दिसणारे उरले ते शेठाणींनी गुडघाभर आत जाऊन जिथले तिथे सोडले, आणि हात जोडले. मग त्यांनी हळूच विचारले, "हे नेऊन करसान काय?" गोजराबाईंनी सांगितले. कंचनबाईंनी सर्व ऐकून घेतले आणि आपल्या पदराची चिंधी फाडून कळशीचे तोंड बांधावयास दिली. उकंडरावांनी विचारता उत्तर मिळाले की तीर्थ आहे, आणि तीर्थास पाटील काय बोलणार.

तिसरी लढाई चिखलाशी. शेठांस सूर्यास्ताआधी बंदरी पोहोचून जेवणे भाग, म्हणून मचवेवाला भरती पुरी होण्याआधीच आला, आणि पाणी उथळ असल्याने चाळीस पावले दूर थांबला. मधे काळा चिखल, पाय ठेवला की पोटरीपर्यंत जाणारा. रखवालदार म्हणाला, सामान टाका आणि हाताला धरून या. शेठजी गेले, दोनदा बसले. गोजराबाई काठावर उभ्या राहिल्या, डोक्यावरची कळशी दोन्ही हातांनी धरून. एक पाऊल चुकले की दर्या दर्यास मिळणार, आणि पुन्हा चिठ्ठी, पुन्हा मचवा, या जन्मी नाही.

तेव्हा उकंडरावांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिले. तीर्थाचा मजकूर त्यांस किती कळला होता हे त्यांनी कधी सांगितले नाही. ते कडबा घेऊन आले, दात लावून पहिल्या पेंढीचे बंध तोडले आणि चिखलावर धांडे पसरले. मग दुसरी पेंढी, मग तिसरी. "ये. दमानं. माह्याकडं पाहू नको, खाली पाह्य." त्या चालल्या. मागची पेंढी उचलून पुढे, पुढची तुडवून पुढे, अशी पाटलांनी सात पेंढ्यांत चाळीस पावले बांधली, आणि गोजराबाई इंझोरीच्या कडब्यावरून कोरड्या टाचांनी मचव्यात चढल्या, आणि कळशीतला थेंब हलला नाही. पाटील स्वतः शेवटच्या पावलास कमरेपर्यंत गेले, त्यांस चौघांनी ओढून काढले, आणि एक जोडा कोकणातच राहिला.

परतीचा मजकूर थोडा. मूर्तिजापुरास उकंडरावांस तहान लागली तेव्हा त्यांनी कळशीकडे पाहिले, गोजराबाईंनी त्यांच्याकडे पाहिले, आणि त्यांनी नळावर जाणे पसंत केले.

इंझोरीस पोहोचताच गल्लीतल्या बाया दर्या पाहून आलेली बाई पाहावयास जमल्या. गोजराबाईंनी सर्वांदेखत कळशी मनकर्णाबाईंच्या पायाशी ठेविली आणि अर्ज केला. "अक्का, सगळ्या नद्या दर्यात जातात म्हंतात, मंग आपली अडाण बी यात हाये. तुमच्या हाताले गुण. यात दाळ लावा, गल्लीले परसाद व्हईन." बायांनी माना डोलावल्या. डाळ शिजण्याआधी मीठ पडू नये हे इंझोरीतल्या शेंबड्या पोरासही ठाऊक, आणि मनकर्णाबाईंस तर पोरांआधी ठाऊक. परंतु बावीस वर्षे हाताचा गुण सांगितल्यावर आता पाण्याकडे बोट कसे दाखवावे? त्यांनी ओठ आवळले आणि हुकूम दिला, "आण. माह्या हातानं दगडाची बी दाळ शिजन."

दुसरे दिवशी सकाळी डाळ चढली. मनकर्णाबाई चुलीपुढे बसल्या आणि बाया ओसरीवर बसल्या. प्रथम प्रहरी त्यांनी सांगितले, लाकडे ओली आहेत. लाकडे बदलली. दुसऱ्या प्रहरी सांगितले, तूर जुनी दिसते. तूर त्याच महिन्यात शेतातून आली होती, आणि तीच बाजूच्या डब्यात होती. मग सबबी सरल्या. फुंकणीने फुंकता फुंकता त्यांचे डोळे लाल झाले, आणि उकंडराव दोनदा येऊन पानाकडे पाहून गेले. उन्हे परसात उतरली तेव्हा मनकर्णाबाईंनी पळीने चार दाणे काढून ताटलीत टाकले, आणि ते वाजले.

तेव्हा गोजराबाई उठल्या. कोणाची परवानगी न घेता त्यांनी डब्यातली तीच तूर घेतली, घरच्या विहिरीचे पाणी घेतले, आणि बावीस वर्षांनी डाळीचे भांडे चुलीवर ठेविले. हळद घातली. लेकीस जवळ बसवून घेतले. बाया उठून दारात आल्या. घटकाभराने त्यांनी भांडे उतरविले, रवी फिरविली, मग मीठ घातले, मग फोडणी दिली, आणि पहिले पान थोरल्या नणंदेस वाढले. मनकर्णाबाईंनी घास घेतला. चावण्यासारखे काही नव्हते तरी त्या बराच वेळ चावीत राहिल्या. मग शरणागतीचे फर्मान निघाले, ते चारच शब्दांचे: "वाढ अजून एक पळी."

आणि हात धुताना, दाराकडे पाठ करून, बायांस ऐकू जाईल एवढ्या आवाजात दुसरे: "दोष पाण्याचा व्हता, हाताचा नोहे. पोरीले कोणी बोल लावू नका."

येणेप्रमाणे शके अठराशे सत्तावन, फाल्गुन शुद्ध द्वितीयेस, मौजे इंझोरी येथील डाळीचे भांडे गोजराबाईंनी हस्तगत केले. लेकीवरील बोल उठला. प्रयागबाईंच्या नावाची कळशी माजघरातून निघून स्वयंपाकघरात, चुलीच्या उजव्या हातास, कायमची बसविली गेली. छागलीचे धडपे पोतेऱ्यास लागले. कंचनबाईंस गळणे धुऊन, गूळ घालून परत पाठविले. आणि उकंडरावांनी नवा जोडा घेतला. फत्ते झाली.

शके अठराशे पस्तीसच्या त्या पहिल्या सोमवारी, नवी सून हळद आणावयास आत गेली असता, चुलीवरच्या डाळीत मीठ मनकर्णाबाईंनी टाकले होते.